कावासाकी, हृदयाच्या नसा आणि "हे रक्तातनं आलंय का?": घरच्यांनी नेमकं काय करायचं

माझ्या धाकट्याला कावासाकी झाला तेव्हा तो अडीच वर्षांचा. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, नवरा उद्यमबागला फौंड्रीत आणि मला दिलंय सख्ख्या आत्याच्याच घरात, म्हणजे सासूबाई माझ्या आत्याच. तर वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या एका मावशींनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्याच्या घरात दिलंय न्हवं तुला, म्हणूनच पोराच्या रक्तात आलं बघ." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरले, रात्री पोरं झोपली की मोबाईलवर जीन म्हणजे जनुकं, जीन टेस्ट असलं शोधत बसायचे, पुण्यातल्या एका लॅबला फोन पण करून झाला. शेवटी डॉक्टरांकडनं आणि वाचून जे कळलं ते इथं लिहितेय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही जा, मामाची मुलगी आत्याचा मुलगा अशी लग्नं घरोघरी आहेत आणि हा प्रश्न कुणीतरी तुम्हाला विचारणारच.

आधी आजार काय ते थोडक्यात. कावासाकी म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, मधल्या आकाराच्या वाहिन्यांना जास्त, आणि त्यात सगळ्यात भीतीची जागा म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी नसा. तोमिसाकू कावासाकी नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये असा पहिला पेशंट बघितला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची माहिती छापली, म्हणून हे नाव. मुलं बहुतेक ५ वर्षांच्या आतली, मुलींपेक्षा मुलगे जास्त. उपचार झाला नाही तर साधारण चारातल्या किंवा पाचातल्या एका मुलाच्या कोरोनरी नसेला फुगा येतो, ज्याला डॉक्टर अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि आयव्हीआयजी नावाचं औषध पहिल्या १० दिवसांत शिरेतनं गेलं तर हे प्रमाण शंभरात चारेकवर येतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. जीन कुठलाही असला तरी सगळ्यात मोठा फरक कशानं पडतो ते तिथंच दिसतंय.

म्हणून पहिलं काम जीनचं नाहीच, दिवस मोजायचं आहे. ताप आलेला दिवस तो पहिला दिवस, अर्धा दिवस गेला वगैरे हिशेब करायचा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताप आलेल्या प्रत्येक तारखेला पेनानं टिंब करा आणि शेजारी किती डिग्री ते लिहा. आमच्या घरी हेच झालं नाही, चौथा दिवस की सहावा यावर मी आणि नवरा डॉक्टरांसमोर वाद घालत होतो. अंगावर पुरळ उठलं तेव्हा आत्या म्हणाल्या गोवर आलाय, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, पोराला बाहेर काढायचं नाही म्हणून बसल्या, आणि पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथं घसा लाल आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं, ते चालेना म्हणून तीन दिवसांनी दुसरं दिलं. ताप काही उतरेना.

गोवरात नाक वाहतं, खोकला असतो, डोळ्यांतनं पाणी येतं. कावासाकीत दोन्ही डोळे लालबुंद होतात पण चिपाड, पू काही नसतं. ओठ लाल होऊन फुटतात, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि खरखरीत दिसते, तळहात तळपाय सुजतात, मानेला एका बाजूला गाठ येते, अंगावर पुरळ येतं. ओठ आणि जीभ मिळून एकच लक्षण धरायचं, आणि ५ दिवस किंवा जास्त ताप आणि या पाचातली चार लक्षणं असली की डॉक्टर कावासाकी धरतात. सगळी लक्षणं एकाच दिवशी दिसतीलच असं नाही, सकाळी असलेलं पुरळ संध्याकाळी जातं, म्हणून रोज फोटो काढून ठेवा, तारखेसकट. बोटांच्या टोकाची साल दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात निघते, ती निघायची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो. आणि एक जागा आहे जिथं घरचं कोण बघत नाही, दंडावरची बीसीजीची खूण. ती जागा अचानक लाल होऊन सुजली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. आमच्या पोराची झाली होती, मला वाटलं डास चावला.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आणखी वेगळं. त्यांच्यात लक्षणं अर्धवटच दिसतात आणि हृदयाच्या नसांना धोका मात्र सगळ्यात जास्त. तान्ह्या बाळाला कारण न सापडणारा ताप आठवडाभर असेल तर "टूडी एको करून बघायचं का" हे तुम्ही स्वतः विचारा, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, विचारायला लाजायचं नाही.

आता रक्ताचा, म्हणजे जीनचा प्रश्न. यात काही तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही कारण तथ्य आहे. जपानमध्ये ५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला ३०० च्या वर मुलांना हा आजार होतो, इतका जगात कुठंच नाही, आणि हवाई बेटांवर राहणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांनाही तिथल्याच गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त होतो. म्हणजे हवापाणी बदललं, देश बदलला, तरी काहीतरी रक्तातनं बरोबर गेलं. जपानमध्येच असंही दिसलं की एका भावंडाला झाला असेल तर दुसऱ्याला व्हायची शक्यता इतर मुलांच्या साधारण १० पट असते. हे वाचून माझे हातपाय गळाले होते, पण आपल्या बाजूला मुळात हा आजार जपानपेक्षा खूपच कमी नोंदला जातो आणि लहान आकड्याची १० पट केली तरी आकडा लहानच राहतो. खुद्द जपानमध्ये सुद्धा पहिल्या मुलाच्या आजारानंतर वर्षभरात शंभरातल्या दोनेक भावंडांनाच तो झाला, बाकीच्या अठ्ठ्याण्णवांना नाही झाला.

मग जीन करतात काय? मला समजलं ते असं. चोर्ला घाट उतरणारी भरलेली लॉरी डोळ्यासमोर आणा. शरीरात कुठलं तरी इन्फेक्शन किंवा दुसरं काहीतरी निमित्त होतं, नेमकं कुठलं ते अजून कुणालाच सापडलेलं नाही, आणि पांढऱ्या पेशी अंगात धावायला लागतात. त्यांना आवरायला ब्रेक लागतो. आयटीपीकेसी नावाचा एक जीन हा त्या ब्रेकपैकी एक, पांढऱ्या पेशींतल्याच टी पेशींना जास्त पेटू न देणारा. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या जीनचा एक विशिष्ट प्रकार ज्या मुलांत असतो त्यांच्यात हा ब्रेक थोडा सैल असतो, त्यांना आजार व्हायची शक्यता वाढते आणि कोरोनरी नसांना इजा व्हायची पण वाढते. जपानी आणि अमेरिकन दोन्ही मुलांत हे दिसलं. कॅस्प-३ म्हणून दुसरा जीन आहे, तो काम संपलेल्या पेशींना मरायला लावतो, तो ढिला पडला तर पेटलेल्या पेशी जास्त वेळ टिकतात. ओराय-१ हा पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या दाराचा जीन. एफसीजीआर-२ए हा पेशीवरच्या अशा हुकाचा जीन की ज्यात अँटिबॉडीची शेपटी अडकते, आणि आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातनं काढलेल्या अँटिबॉडीच, त्यामुळे या हुकाकडं संशोधकांचं लक्ष जाणारच. बीएलके आणि सीडी-४० ही आणखी दोन नावं २०१२ च्या अभ्यासांत आली.

हृदयाच्या नसेला फुगा का येतो याच्याशी जवळचं नातं असलेला एक वेगळा गट आहे, टीजीएफ-बीटा. भिंतीला पोपडा आला की गवंडी येऊन गिलावा करतो तसं नसेच्या भिंतीची दुरुस्ती कशी करायची याचा निरोप या रस्त्यानं जातो. दुरुस्ती नीट झाली नाही तर भिंत पातळ होते आणि आतल्या रक्ताच्या दाबानं फुगते. टीजीएफबी-२, टीजीएफबीआर-२ आणि स्मॅड-३ या तीन जीनचे काही प्रकार फुग्याशी आणि आयव्हीआयजी लागू न पडण्याशी जोडलेले २०११ मध्ये सापडले, ते मुख्यतः युरोपियन वंशाच्या मुलांत.

या संशोधनाचा पेशंटला उपयोग काय असं कुणी विचारलं तर एक ठोस उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. आयटीपीकेसीचा ब्रेक ज्या कॅल्शियमच्या रस्त्यावर बसलाय त्याच रस्त्याला सायक्लोस्पोरिन नावाचं जुनं औषध अडवतं, मग जपानमध्ये जास्त धोक्याच्या मुलांना आयव्हीआयजीबरोबर ते देऊन बघितलं, २०१९ मध्ये निकाल आला, नुसत्या आयव्हीआयजीवर ३१ टक्के मुलांच्या कोरोनरीत बिघाड दिसला आणि दोन्ही औषधं मिळालेल्यांत १४ टक्के. म्हणजे जीनचा अभ्यास कुठल्या एका आईच्या कपाळावर शिक्का मारायला नसतो, औषध कुठं मारायचं ते शोधायला असतो.

आता मुद्द्याचं. टेस्ट करायची का? साध्या कावासाकीसाठी नाही. मी आमच्या डॉक्टरांना सरळ विचारलं तर ते म्हणाले, "रिपोर्ट काहीही येऊ दे, उद्या सकाळी मी पोराला देणार ते औषध तेच आहे." वर सांगितलेल्या प्रत्येक जीनचा परिणाम छोटा आहे, तो प्रकार अंगात असलेल्या बहुतेक मुलांना आयुष्यात कधीच कावासाकी होत नाही, आणि नसलेल्यांना होतो. शिवाय हे अभ्यास जास्त करून जपान, तैवान, कोरिया आणि युरोपियन वंशाच्या मुलांवरचे, आपल्या मुलांत तेच प्रकार तेवढंच वजन टाकतात असं धरून चालता येत नाही. म्हणून कुणी हेल्थ पॅकेज म्हणून हृदयाचा जीन रिपोर्ट विकत असेल तर ते पैसे ठेवा, एको आणि प्रवासाला लागतात.

आणि नात्यातल्या लग्नाचं. नात्यात लग्न झालं की आईकडनं आणि बापाकडनं एकाच जीनची बिघडलेली प्रत मुलाकडं यायची शक्यता वाढते, हे खरंच आहे. पण कावासाकी त्या जातीचा आजार नाही, एका जीनच्या दोन बिघडलेल्या प्रतींनी होणारा नाही. बरेच जीन थोडे थोडे आणि वर बाहेरचं निमित्त, असं मिळून तो होतो. तेव्हा आत्याच्या घरात दिलं म्हणून झाला असं कुणी म्हणालं तर स्पष्ट सांगा की तसं नाही. मी हे आत्यांना चुलीपाशी बसून सांगितलं, त्या ऐकून रडल्या, कारण वर्षभर त्यांनीही तेच मनात धरलं होतं आणि मला बोलल्या नव्हत्या.

तरी एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवायलाच पाहिजे. मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या सुजेत काही आजार असे आहेत की ज्यात खरोखर एकच जीन बिघडलेला असतो. त्यातला एक म्हणजे एडीए-२ या एन्झाइमची कमतरता, २०१४ मध्ये ओळखला गेला, आणि हा मात्र दोन्ही प्रती बिघडल्या की होतो, म्हणजे नात्यातल्या लग्नांत जास्त दिसू शकतो. यात ताप एकदा येऊन जात नाही, परत परत येत राहतो, कातडीवर जाळीसारखे निळसर लाल पट्टे दिसतात, आणि अगदी लहान वयात लकव्याचा झटका येऊ शकतो. असं काही असेल, किंवा घरात दुसऱ्या मुलाला तसंच झालं असेल, किंवा लहानपणी लकवा येऊन कुणी गेलं असेल, तर जीन टेस्ट नुसती उपयोगाची नाही, गरजेची आहे, कारण त्याचं औषधच वेगळं असतं आणि ते वेळेत मिळालं तर पुढचा झटका टळतो. अशा वेळी मुलांच्या संधिवाताचे किंवा इम्युनिटीचे डॉक्टर गाठायचे, नुसती लॅब नाही. टेस्टच्या आधी आणि नंतर जेनेटिक काउन्सेलरशी बोलणं होईल याची खात्री करून घ्या.

म्हणून घरची माहिती लिहून काढा, हे फुकट आहे आणि लॅबच्या रिपोर्टइतकंच कामाचं आहे. वहीचं एक पान घ्या, वर दोन्हीकडचे आजी आजोबा, मध्ये तुम्ही आणि तुमची भावंडं, खाली सगळी मुलं. जिथं नात्यात लग्न झालंय तिथं दोन रेघा मारा, लपवायचं काही नाही. मग एकेकाला विचारा, पण "कावासाकी झाला होता का" असं विचारू नका, कुणाला माहीतच नसतं. विचारायचं असं की लहानपणी आठ पंधरा दिवसांचा ताप, डोळे लाल, बोटांची साल गेली असं कुणाला झालं होतं का, चाळिशीच्या आत हार्ट अटॅक कुणाला आला का, लहानपणी कोण अचानक गेलं. फोनवर नका विचारू, सणाला सगळी जमतात तेव्हा आजीच्या शेजारी बसून विचारा. आमच्याकडं मामेसासऱ्यांना लहानपणी "विषमज्वर" झाला आणि हातांची सालं गेली असं निघालं, तो काय होता ते आता कुणी सांगू शकत नाही पण मी लिहून ठेवलंय.

हॉस्पिटलमध्ये काय विचारायचं? बेळगावात केएलई आहे, सिव्हिल म्हणजे बिम्स आहे, निपाणीकडची माणसं कोल्हापूर जवळ म्हणून तिकडं जातात, कुठंही जा पण लहान मुलांचा एको करणारे आहेत का हे आधी फोन करून विचारा. मोठ्या माणसांचा एको करणाऱ्याला दोन वर्षांच्या पोराची नस मोजायची सवय असेलच असं नाही. रिपोर्टवर नसेचं माप मिलिमीटरमध्ये असतं आणि झेड स्कोअर असतो. झेड म्हणजे या उंची वजनाच्या मुलाच्या मानानं नस किती मोठी आहे ते, म्हणून एकोच्या दिवशी वजन उंची नीट घ्यायला लावा. २ च्या खाली नॉर्मल, २ ते २.५ थोडी रुंद, २.५ ते ५ लहान फुगा, ५ ते १० मध्यम, आणि १० च्या वर किंवा ८ मिलिमीटरच्या वर मोठा. आमचा आठव्या दिवशी एलएडी नावाच्या कोरोनरी नसेत झेड २.८ होता. लहान फुगे बऱ्याच मुलांत वर्ष दोन वर्षांत मागे येतात, आमचाही आला.

जास्त धोका कुणाला हे डॉक्टर जीनवरनं ठरवत नाहीत, समोर दिसतंय त्यावरनं ठरवतात. वय ६ महिन्यांच्या आत, पहिल्याच एकोत झेड २.५ च्या वर, रक्तात सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी टेस्ट) खूप, सोडियम आणि अल्ब्युमिन कमी, उपचाराला उशीर. असं असेल तर "नुसती आयव्हीआयजी पुरेल का, बरोबर स्टेरॉइड किंवा दुसरं काही लागेल का" हे विचारा. आयव्हीआयजी किलोला २ ग्रॅम लागते, म्हणजे ११ किलोच्या पोराला २२ ग्रॅम, ती १०-१२ तास हळूहळू जाते, आणि महाग असते. म्हणून अ‍ॅडमिट होतानाच आरोग्य मित्राच्या काउंटरवर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेबद्दल विचारून घ्या, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. औषध संपल्यापासून ३६ तासांनंतरही ताप असेल किंवा परत आला तर लगेच सांगायचं, १० ते २० टक्के मुलांना पहिला डोस पुरत नाही आणि पुढचा निर्णय त्यावर असतो.

घरी आल्यावर अ‍ॅस्पिरिन साधारण ६ ते ८ आठवडे चालते, फुगा राहिला असेल तर पुढेही. ती चालू असताना तापाला आयबुप्रोफेनचं सिरप देऊ नका, त्यानं अ‍ॅस्पिरिनचा गुण मारला जातो, आणि घरात कांजिण्या किंवा फ्लू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आयव्हीआयजीनंतर ११ महिने गोवर रुबेला आणि कांजिण्यांची लस पुढं ढकलायची असते कारण ती लागू होत नाही. आपल्याकडं आशाताई घरी येऊन दुसरा डोस राहिलाय म्हणतात, त्यांचं काम त्या करतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच तायी कार्डवर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डवर, आयव्हीआयजीची तारीख आणि लस कधी द्यायची ते डॉक्टरांच्या अक्षरात लिहून घ्या. एको साधारण पहिल्या दोन आठवड्यांत परत आणि ४ ते ६ आठवड्यांनी परत. लग्न, जत्रा, ऊसतोड काही असलं तरी ती तारीख चुकवायची नाही.

राहिली भावंडं. त्यांची टेस्ट नाही, रोजची भीती नाही, त्यांना खेळू द्या. फक्त ताप तीन दिवसांच्या पुढं गेला की डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की भावाला कावासाकी झाला होता. मी नसले घरी तर, म्हणून एक चिठ्ठी करून ठेवलीय. मराठीत मी लिहिली, इंग्लिशमध्ये डॉक्टरांनी, आणि कन्नडमध्ये शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं. एक थोरलीच्या शाळेच्या डायरीत, एक जाऊबाईंच्या बाळाच्या तायी कार्डात, एक आत्यांच्या देव्हाऱ्याच्या फळीवर. तिच्यावर एवढंच आहे: "हिच्या भावाला अडीच वर्षांचा असताना कावासाकी झाला होता, एलएडी झेड २.८, आयव्हीआयजी आठव्या दिवशी. हिला ताप कुठल्या तारखेपासून आहे ते खाली लिहा." आणि खाली पाच रिकाम्या रेघा.